मावशीच्या हातचा घास

त्या दिवशी मी उजाडायच्या आधीच धपाट्यांचं पीठ भिजवलं. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं गव्हाचं, थोडं डाळीचं, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचं वाटण आणि मूठभर चिरलेली मेथी. दही आदल्या संध्याकाळी लावून ठेवलं होतं. शिवाय सुशीलाही करायची होती. मुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, कांद्या-मिरचीच्या फोडणीवर परतायचे, वरून शेंगदाण्याचं कूट घालायचं, की झाली सुशीला. धाकट्याला त्या नावाचीच भारी गंमत वाटायची. आदल्या दिवशीच तो मला विचारून गेला होता, "मावशी, उद्या सुशीलाबाई येणार ना?"

एवढी तयारी चालली होती ती ह्यांच्या कंपनीच्या सहलीसाठी. शहराबाहेर एक मोठं पार्क नव्यानंच झालं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, भुताचं घर, झुकझुक गाडी, सगळं एकाच कुंपणाच्या आत. कामगारांना बायकापोरांसकट तिथं नेणार होते. बस शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापाशी येणार होती. आत डबे नेऊ देत नाहीत, असं ह्यांना कुणीतरी सांगितलेलं. "पोरांना इथूनच पोटभर खाऊ घाल," हे मला म्हणाले होते, "दिवसभर पाण्यात आणि उन्हात राहायचंय. चक्कर-बिक्कर यायला नको."

मी मान हलवली होती. पण खाऊ कसं घालायचं, हाच तर त्या दिवसांत माझ्यापुढं प्रश्न होता. धाकटा खायचा. मोठी, त्याची बहीण, माझ्या हातचं काही खात नव्हती.

पोरं माझी नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीची होती. ती वैजापूरला दिलेली. तिच्या नवऱ्याचा तिथं कांद्याचा व्यापार. त्या वर्षी दिवाळीनंतर तिची पाठ दुखायला लागली, आणि दुखता दुखता एक दिवस तिला अंथरुणातून उठताच येईना. इथं शहरात आणलं तेव्हा डॉक्टरांनी मणक्याचा क्षय सांगितला. बरा होतो म्हणाले, पण वेळ लागेल, आणि तोवर तिनं लाकडाच्या फळीवर सरळ पडून राहायचं. दवाखान्यात लहान मुलांना सोडत नव्हते. नवऱ्याला व्यापार सोडून इथं राहता येईना. मग पोरं माझ्याकडं आली. मोठी दुसरीत होती, धाकटा अजून शाळेत जायचा होता.

आम्हाला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, आणि मग आम्ही दोघांनीही तो विषय काढायचं सोडून दिलं होतं. शहागंजच्या मागच्या गल्लीत आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. खाली घरमालकीण राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची, म्हणून आम्हीही खालाच म्हणायचो. संध्याकाळी हे कंपनीतून आले की आम्ही दोघं चहा घ्यायचो आणि रेडिओ लावायचो. घरात आवाज व्हायचा तो तेवढाच.

पोरं आली आणि त्या दोन खोल्या ओळखू येईनाशा झाल्या. दोरीवर हाताएवढ्या चड्ड्या वाळायला लागल्या. धाकटा माझ्या पोटावर पाय टाकून झोपायचा, आणि तो पाय बाजूला करायला मला जीव व्हायचा नाही. मोठीचे केस दाट होते, तिच्या आईसारखेच. सकाळी दारात बसून मी तिच्या वेण्या घालायचे, आणि ती पुढ्यात पुस्तक धरून मोठ्यानं पाढे म्हणायची. मधेच चुकली तर मी वेणी हलकेच ओढायचे. मग ती न वळताच हसायची. वेण्या घालून झाल्या तरी मी उगाच फितीची गाठ सोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

सुरुवातीला ती चांगली जेवायची. तव्यावरची गरम दशमी आणि गूळ तिला फार आवडायचा. मग एके दिवशी काय झालं कोण जाणे, "भूक नाही" म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. ताटावर बसायची, घास चिवडायची, आणि मी आत वळले की भाकरीचा तुकडा धाकट्याच्या ताटात सरकवायची. मला वाटलं, आईची आठवण येत असेल. मी साखरभात केला, पुरणाच्या पोळ्या केल्या. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे.

सहलीच्या आधीच्या आठवड्यात नळावर पाणी भरताना खालांनी सहज सांगितलं, "तुझी पोरगी बडी शहाणी आहे हां. शाळेतून आली की सीधी माझ्याकडं येते. खिचडी आणि चिंचेचा खट्टा काय आवडतो तिला! मी तिच्यासाठी भांडंच वेगळं ठेवलंय."

माझ्या हातात कळशी तशीच राहिली. पोरगी उपाशी नव्हती, याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण वर येऊन मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिले. माझ्यात असं काय कमी आहे, की हिला खालच्या परक्या बाईच्या हातचं गोड लागावं आणि माझ्या हातचं नको व्हावं? मूल नसलेल्या बाईच्या मनात अशा वेळी काय काय येतं, ते सांगण्यासारखं नाही.

तर त्या सकाळी हे बस गाठायला पुढं गेले. मी दोघांना न्हाऊ-माखू घालून तयार केलं. धाकट्यापुढं सुशीलाची ताटली ठेवली. त्यानं दोन्ही हातांनी खायला सुरुवात केली. मोठीच्या ताटात गरम धपाटं, त्यावर लोण्याचा गोळा आणि बाजूला दही. ती बसली. लोणी वितळून धपाट्यावर पसरलं, पण तिचा हात काही पुढं येईना.

"खा गं बाई," मी म्हणाले. "तिथं दिवसभर काही मिळायचं नाही."

"मला नको."

"एवढं एक तरी खा. मग दुसरं नाही वाढत."

"नको म्हणलं ना."

एरवी मी गप्प बसले असते. त्या दिवशी माझा बांध फुटला. "खालांकडचं चालतं, आणि माझं का नाही चालत? काय केलंय मी तुला?" माझा आवाज चढला आणि लगेच डोळ्यांतून पाणी आलं. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली.

तेवढ्यात धाकटा भरल्या तोंडानं बोलला, "ताई नाय खाणार. ताई म्हणती, मावशीच्या हातचं खाल्लं की आई मरती."

मोठीनं त्याच्या पाठीत दणका घातला. तो भोकाड पसरून रडायला लागला. आणि मग तीही रडायला लागली, इतके दिवस दाबून ठेवल्यासारखी, हुंदके देऊन देऊन.

मी तिला जवळ ओढलं. "असं कोण म्हणालं तुला?"

"सगळेच म्हणतात. भाजीच्या गाडीपाशी त्या काकू तुला म्हणाल्या. माय मरो अन् मावशी जगो."

मग मला आठवलं. समोरच्या घरातल्या काकू. चांगल्या बाई होत्या. मी मेथी निवडून घेत होते, दोन्ही पोरं माझ्या पदराला धरून उभी होती. काकूंनी त्यांच्याकडं बघून कौतुकानं म्हटलं होतं, "यांना कशाची चिंता आहे? माय मरो अन् मावशी जगो, म्हणतात ते काय उगीच?" आपल्याकडं सर्रास म्हणतात. मीही कितीदा म्हटलं असेल. मी तेव्हा हसले होते आणि पिशवी उचलून घरी आले होते. जिची आई दवाखान्यात फळीवर पडलेली आहे, तिनं ते कसं ऐकलं असेल, हे आमच्या कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

मी तिला समजावायला लागले. "अगं, ती नुसती म्हण आहे. मावशी लई माया करते, एवढाच अर्थ त्याचा."

"मग तसंच का नाही म्हणत?" ती रडत म्हणाली. "मी तुझ्या हातचं खात होते तेव्हा आईला जास्त झालं होतं. बाबा तुला सांगत होते, मी ऐकलं. म्हणून मी सोडलं."

म्हणजे एवढासा जीव आईसाठी व्रत धरून बसला होता. तव्यावरून माझ्या दशम्यांचा वास येत असणार, तोंडाला पाणी सुटत असणार, आणि ही "भूक नाही" म्हणत असणार. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

रडारड ऐकून खाला वर आल्या. ओढणीनं हात पुसत दारातच उभ्या राहिल्या. "क्या हुआ गे? जत्रेला जायच्या दिवशी रडतात का कुणी?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग जिना चढून लागलेली धाप ओसरेपर्यंत त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि पोरीला म्हणाल्या, "इकडं ये. मला एक सांग. खाला म्हंजे काय?"

पोरीनं नाक ओढलं. "खाला म्हणजे तुम्ही."

"हौ, मी तर आहेच. पण खाला म्हंजे कोण? मामा म्हंजे आईचा भाऊ, तशी खाला म्हंजे कोण?"

"माहीत नाही."

"आईची बहीण. तुमच्यात मावशी बोलतात, आमच्यात खाला बोलतात. आख्खी गल्ली मला मावशी बोलते, समजलं का?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही धसका बसला. खाला हे काय बोलून बसल्या, असं मला वाटलं. पण त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

"घाबरू नक्को. इतके दिवस तू मावशीच्याच हातची खिचडी खाल्लीस. रोज खाल्लीस. मग अम्माला काय झालं? जास्त झालं का कमी झालं?" आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कल का सांग ना तिला. पोरांपासून कायको लपवतेस?"

आदल्या दिवशीची गोष्ट मी फक्त खालांना सांगितली होती. बहिणीच्या नवऱ्यानं बजावलं होतं, पक्कं होईपर्यंत पोरांना काही बोलू नका, आशा लागून राहते. पण आता मला राहवलं नाही.

"काल तुझी आई उठून बसली," मी म्हणाले. "कमरेला पट्टा बांधला, आणि माझा हात धरून खिडकीपर्यंत चालत गेली."

"चालली?"

"चालली."

"कोणता हात धरला होता?"

"हा. उजवा."

तिनं माझा उजवा हात उलटा-पालटा करून बघितला. "रडली का आई?"

"नाही गं. हसली. म्हणाली, अक्का, हे पाय माझेच आहेत का?"

मनातल्या मनात पोरगी काहीतरी जुळवून बघत होती, ते तिच्या कपाळावरनं कळत होतं. धाकटा रडायचं विसरून पुन्हा सुशीलाकडं वळला होता. मग तिनं आपल्या ताटातल्या धपाट्याला बोट लावून बघितलं.

"हे गार झालं," ती म्हणाली.

मी उठले ती कशी उठले, ते मलाच माहीत. तवा पुन्हा चढवला. ओल्या फडक्यावर घाईघाईनं गोळा थापला, धपाटं वाकडंच झालं. खरपूस भाजून तिच्या ताटात टाकलं, तर ती म्हणाली, "तू भरव."

दुसरीतली पोरगी, एरवी धाकट्याला हातानं खायला शिकवणारी. तिला मी मांडीजवळ घेऊन घास भरवले. पहिला घास तिनं तोंडात धरून ठेवला, चावेच ना. डोळे मिटून घेतलेले. मग हळूच चावला, गिळला, डोळे उघडले आणि आ केला. दह्यात बुडवून मी घास देत होते आणि ती खात होती. तिचे गाल, तिच्या ओठांवरचं दही, घास गिळताना होणारी गळ्याची हालचाल. मी सगळं बघत होते. आणखी एक धपाटं झालं, आणखी एक झालं. खाला उंबऱ्यावर बसून हसत होत्या आणि मधेच ओढणीनं डोळे टिपत होत्या.

जिन्यावर धडधड पावलं वाजली. हे घामाघूम होऊन वर आले. "अगं, बस कधीची येऊन थांबलीय, सगळे बसलेत..." एवढं बोलले आणि दारातच थबकले. माझ्या हातातला घास आणि पोरीचं उघडलेलं तोंड बघितलं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. "खाऊ दे तिला," हे हळू आवाजात म्हणाले. "मी थांबवतो बस." आणि आले तसेच खाली पळाले.

पार्कातलं मला खरं तर फार आठवत नाही. पाण्याच्या घसरगुंडीवरून पोरगी किंचाळत खाली यायची आणि पुन्हा शिडीकडं धावायची. धाकटा भुताच्या घरात शिरला आणि भूत दिसायच्या आधीच यांच्या खांद्यावर चढून बसला. आकाशपाळण्यात मी डोळे मिटून घेतले होते, तर पोरगी माझ्या कानात ओरडून सांगत होती, "मावशी, तो बघ दौलताबादचा किल्ला! तिकडंच पुढं आमचं वैजापूर!" कंपनीतल्या एका बाईनं माझ्याकडं बघून म्हटलं, "मुलगी अगदी तुमच्यावर गेलीय हो." मी ते दुरुस्त केलं नाही. परतीच्या बसमध्ये दोघंही झोपली, एक यांच्या मांडीवर, एक माझ्या. केसांना त्या पाण्यातल्या औषधाचा वास येत होता. रस्ता संपूच नये, असं वाटत होतं.

त्यानंतर बहीण झपाट्यानं सुधारली. शाळेच्या परीक्षा झाल्या आणि तिला दवाखान्यातून सोडलं. वैजापूरला जायच्या आधी विश्रांतीला म्हणून ती थोडे दिवस आमच्याकडंच राहिली. रिक्षातून उतरली तेव्हा धाकटा आधी तिच्याजवळ जाईना. इतक्या महिन्यांत तो तिचा चेहरा विसरला होता की काय, कोण जाणे. माझ्या पदरामागं लपून बघत राहिला. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मीच त्याला पुढं ढकललं. "जा रे, आई आहे तुझी." संध्याकाळपर्यंत तो तिच्या कुशीत शिरला होता, आणि मग तिला उठूच देईना.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी पोरं झोपलेली असताना बहीण मला म्हणाली, "अक्का, धाकट्याला ठेवून घे."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली.

"मी मनापासून बोलतेय," ती म्हणाली. "आमच्या ह्आमच्या ह्यांच्याशी बोलून ठेवलंय. इथं शाळा चांगल्या आहेत. तुझ्या अंगावर पडलाय तो. आणि मला अजून वजन उचलायची बंदी आहे. तुझाच म्हणून वाढव."

हे खिडकीशी बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं, ते मला अजून दिसतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं कशाचाही हट्ट धरला नव्हता.

मी आतल्या खोलीत बघितलं. धाकटा आईच्या अंथरुणावर झोपला होता. आई उठून बाहेर आली होती, तरी तिच्या लुगड्याचं टोक त्यानं मुठीत धरलेलं होतं. तेवढ्यासाठी ती बाहेर येताना ते लुगडं तसंच टाकून, दुसरं नेसून आली होती.

"नको," मी म्हणाले.

"अक्का..."

"नको म्हणलं ना. सुट्टीत पाठव."

यांनी पुन्हा पेपर वर घेतला. पान काही उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्ये खायला दशम्या बांधून दिल्या. मध्यवर्ती बसस्थानकावर गर्दी होती. पोरीनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरून ठेवला होता, बस हलेपर्यंत. धाकटा कंडक्टरकडं बघण्यात दंग होता. घरी आल्यावर दोरीवरचा एक विसरलेला मोजा काढला आणि कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून हातातच धरून बसले. खालांनी त्या दिवशी जेवण वर पाठवलं.

सुट्टीत पोरं येत राहिली. आधी महिनाभर, मग आठ दिवस, मग क्लासेस लागले म्हणून दोन-चार दिवस, आणि मग लग्नाकार्याला. हा असाच क्रम असतो. गावोगावच्या मावश्यांना तो ठाऊक आहे. धाकटा आता वडिलांचा व्यापार बघतो, त्याला मुलगी आहे. पोरगी पुण्यात असते. सणाला फोन करते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, आणि मागं तिच्या मुलांचा गलका ऐकू येतो. "ठेवते गं मावशी, यांना खायला घालायचंय," म्हणते. मी म्हणते, ठेव. तिनं फोन ठेवल्यावरही मी थोडा वेळ माझा कानाला धरून असते.

खाला गेल्या. हेही गेले. ते घर सोडून मी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते.

पोरीच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, वैजापूरच्या गच्चीवर आम्ही दोघी बहिणी पाय पसरून बसलो होतो. खाली मांडववाले बांबू ठोकत होते. बहिणीनं एकदम विचारलं, "तू तेव्हा नको का म्हणालीस? मी दिला असता गं."

"माहीत आहे मला."

"मग?"

मी खाली बघितलं. अंगणात धाकटा मांडववाल्यांवर ओरडत होता. उंच झालेला, मिशी फुटलेला, बापासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहणारा.

"तुला परत चालायला लागून किती दिवस झाले होते तेव्हा?" मी म्हणाले. "त्याला उचलून घ्यायची परवानगी मिळाली, तेव्हा तू मला मुद्दाम पत्र लिहिलं होतंस. आठवतं?"

ती सरकून माझ्याजवळ आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, लहानपणी पडायची तशी. हळदीनं पिवळे झालेले माझे हात मी तिच्या केसांना लागू नयेत म्हणून वर धरून ठेवले होते. मग म्हटलं, लागू दे.